तुम्ही गाळलेली केळी

तुमच्या मृत्यूची तार आली तेव्हा मी अकोल्याला डेस्कवर होतो. दुपारची वेळ होती, जिल्ह्याचं पान अर्धं रिकामं होतं आणि मोठी बातमी कुठलीच नव्हती. तुम्हांला दोन कॉलम सहज देता आले असते. मी चार ओळी दिल्या. नाव, वय, गाव आणि 'प्रसिद्ध चित्रकार'. छापखान्यातल्या जुळाऱ्यानं विचारलं, "फोटोचा ब्लॉक पडला आहे आपल्याकडे. लावू का?" मी म्हटलं, "जागा नाही." त्यानं पानाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाजारभावाचा मजकूर वाढवून पान भरलं. त्या दिवशी तुमच्या खाली तुरीचे भाव होते.

काही दिवसांनी तुमच्या शिष्यांचं पत्र आलं. स्मृतिअंक काढत आहेत, तुमच्या लोणारच्या दिवसांवर मी काही हृद्य लिहावं. मी होकार कळवला आणि एकच अट घातली : मजकूर कापायचा नाही. तुमचे पुरस्कार, तुमची प्रदर्शनं, परदेशातली वारी हे सगळं अंकात इतर लोक लिहितील. तुमचं नावही इतर लिहितील. मी ते इथं लिहिणार नाही. बातमीत द्यावंच लागलं, कारण नावाशिवाय मृत्यूची बातमी छापता येत नाही. लेखाला तसा नियम नाही. काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे करणाऱ्यानं ठरवायचं असतं, हे वाक्य तुमचं आहे. ते तुम्ही मला आमच्याच बागेत बसून, आमचीच केळी खात सांगितलं होतं.

ज्यांनी लोणार फक्त तुमच्या चित्रांत पाहिलं आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ते तळं म्हणजे जमिनीत खोल बसलेली एक प्रचंड वाटी. वर काठावर गाव, उतारावर साग आणि सीताफळी, तळाशी खारं पाणी. पण त्याच उतारावर गोड्या पाण्याची एक धार आहे, आणि ती बारा महिने वाहते. धारेचं पाणी खाली तळ्याकडे धावतं. खाऱ्या पाण्याला मिळण्याआधी त्याला जी थोडी जमीन लागते, तिच्यात आमची केळीची बाग होती. जमीन कागदावर सरकारी. कसत होते आधी माझे आजोबा, नंतर बाबा. धारेचं पाणी पाटानं घ्यायचं, केळी भिजवायची, उरलेलं तळ्याला सोडायचं. सुलतानपूर, बीबी, पार जानेफळच्या बाजारात लोक 'तळ्यातली केळी' म्हणून मागून घेत. बागेत एक झोपडी होती. त्या झोपडीत तुम्ही किती दुपारी झोपलात हे तुम्हांला आठवत असेल. तुमच्या कुठल्याही लेखात ते आलेलं नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आलात. वर रेस्टहाउसमध्ये उतरलात आणि सकाळी छत्री, स्टँड आणि रंगांची पेटी घेऊन खाली आलात. पाण्याच्या कडेला बसलात आणि तळ्याचंच पाणी वाटीत घेऊन रंग कालवलेत. बाबांनी लांबून पाहिलं, पण शहरातला माणूस, त्याला काय सांगायचं म्हणून ते गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी तुम्ही कागदाच्या व्यापाऱ्याला शिव्या देत बागेत शिरलात. चित्रावर पांढरी फुलं आली होती. निळ्याची जागा मळकट तपकिरी झाली होती. माझ्या मायनं तो कागद हातात घेतला, उजेडात धरला आणि हसायलाच लागली.

"कागदाले काऊन बोलता साहेब? थे पानी वायलं का खार फुलतेच. त्या पान्यात आमी भाजी धूत नाई, तुमी चित्र धुतलं!"

तुम्हीही हसलात. मोकळं हसायचात तुम्ही, ते मान्य. त्या दिवसापासून माय रोज सकाळी धारेवरून तुमच्यासाठी कळशी भरून आणायची. तुम्ही हिवाळाभर राहायचात, तीही हिवाळाभर आणायची. तुमची लोणारची चित्रं आज जिथं जिथं टांगलेली आहेत, तिथं त्या तळ्याचं एक थेंबही पाणी नाही. सगळं धारेचं आहे, आणि ते माझ्या मायच्या कमरेवरून आलेलं आहे.

पहिल्या हिवाळ्याच्या शेवटी तुम्ही चित्रं आमच्या बाजेवर ओळीनं मांडलीत. बाबा हात धुऊन, धोतराला पुसून आले आणि प्रत्येकासमोर उभे राहिले.

"तयं तं बेज्या चांगलं उतरलं साहेब," ते म्हणाले. "पन आमची केयी कुठी हाये?"

"मी निसर्ग काढतो हो. केळी लावलेली असते."

"अन् लावेल केय निसर्गात येत नाई?"

"निसर्गात येते. चित्रात येत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. मॅट्रिक होऊन गावात मोकळा फिरणारा, तुमच्याकडून शुद्ध बोलायला शिकणारा मी, मला ते उत्तर फार हुशारीचं वाटलं. माय हसली नाही. ती म्हणाली, "एकडाव तरी काढा साहेब. एक कोपरा. आमच्या दोन पिढ्या खपल्या इथं. पुन्या-मुंबईच्या लोकायले दिसू द्या का इथं केयी हाये."

"पुढच्या खेपेला नक्की," तुम्ही म्हणालात.

पुढच्या खेपेला तुम्ही पुन्हा तेच म्हणालात. दर वर्षी माय विचारायची, दर वर्षी तुम्ही 'नक्की' म्हणायचात. मला तुम्ही बाजूला घेऊन सांगितलं होतंत, "मला माणसं आणि शेती येत नाही रे, हात चालत नाही. तिला समजावून सांग." मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

आणि मग बाबांना हिवताप आला. तो दिवस मी विसरू शकत नाही, आणि विसरता आला असता तर हा लेख सोपा गेला असता. तुम्ही रेस्टहाउसमधून स्वतःच्या कोयनेलच्या गोळ्या घेऊन तो सगळा उतार धावत उतरलात. बाबा थंडीनं कुडकुडत होते. तुम्ही स्वतःचं गरम जाकीट काढून त्यांच्यावर घातलंत. ताप उतरेपर्यंत बाजेशेजारी बसलात आणि त्यांना हसवण्यासाठी एका कागदावर आमच्या तलाठ्याचं चित्र काढलंत. पोट, टोपी, काखेत दप्तर. बाबा तापात खदखदून हसले. "हा तं हुबेहूब! आता वसुली मागते का काय!" दोन-चार रेघांत तुम्ही एक जिवंत माणूस काढला होता. हात व्यवस्थित चालत होता. म्हणजे तुम्ही माझ्याशी खोटं बोलला होता. पण त्या दिवशी मला ते लक्षात आलं नाही. मला एवढंच दिसत होतं की हा माणूस माझ्या बापाचं डोकं मांडीवर घेऊन बसला आहे.

बघायला मला तुम्ही शिकवलंत. एका दुपारी मी म्हटलं, तळं हिरवं आहे. तुम्ही म्हणालात, "नाव विसर आणि पुन्हा बघ." मी पुन्हा पाहिलं. मधोमध ते भिजवलेल्या मुगासारखं होतं, कडेला घासलेल्या पितळेसारखं, सागाच्या सावलीत जवळजवळ काळं. आधी बघायचं, नाव नंतर द्यायचं. माझ्या धंद्याची सगळी अक्कल या एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य मी नव्या पोरांना शिकवताना माझं म्हणून सांगतो. तुमचं नाव सांगत नाही.

नंतर तुम्ही एका मासिकाच्या दिवाळी अंकात तळ्यावर लेख लिहिलात. अंक तुम्ही स्वतः मला दिलात, पहिल्या पानावर आशीर्वाद लिहून. लेखाच्या शेवटाकडे तुमचा एक परिच्छेद होता. तळ्याचा काठ शेतीच्या तुकड्यांनी विद्रूप होतो आहे, तो पूर्ववत मोकळा करावा, वर काठावर कौलारू कुट्या बांधाव्यात, चित्रकारांनी, लेखकांनी तिथं येऊन राहावं, म्हणजे या मागास भागाला पर्यटनाचे दिवस येतील. मी बाबांना तो परिच्छेद वाचून दाखवला. त्यांनी पाट मोकळा करता करता ऐकला.

"साहेबाले शेतीतलं समजत नाई," ते म्हणाले. "लिहू दे."

त्यांना खरंच वाटत होतं की तुम्हांला समजत नाही.

जमीन मोकळी करायला सरकारी साहेब लोक आले तेव्हा त्यांच्या हातात तुमचं चित्र होतं. पर्यटनाच्या एका घडीपत्रकावर छापलेलं. तळं, डोंगरासारखा कडा, मोकळा काठ. त्यांच्यातल्या मोठ्या साहेबांनी घडी उघडून बाबांसमोर धरली आणि सांगितलं, काठ असा दिसायला पाहिजे. बाबांनी चित्र दोन्ही हातांनी धरलं. बराच वेळ पाहिलं.

"तयं तं आपलंच हाये साहेब. पन आपून कुठी हाओत याच्यात?"

"तेच तर," साहेब म्हणाले.

एवढाच संवाद झाला. मी शेजारी उभा होतो. मी पुढं बातमीदार झालो, अनेक लोकांना जमिनीवरून उठवताना पाहिलं, नोटिसा वाचल्या, भाषणं ऐकली. इतकं कमी बोलून एवढं मोठं काम झालेलं पुन्हा पाहिलं नाही. तुमच्या चित्राची ताकद म्हणून ही गोष्ट तुमच्या शिष्यांनी लिहायला हवी होती.

त्या आठवड्यात तुम्ही लोणारलाच होता. वर रेस्टहाउसच्या व्हरांड्यात. तुम्ही खाली आला नाहीत. केळी तोडायला सरकारी माणसं येणार होती, पण बाबांनी त्यांना हात लावू दिला नाही. स्वतः कोयता घेतला. उभ्या घडांसकट केळी आडव्या झाल्या. माय मागून तोडलेल्या खोडांचे सोप ओढून बाजूला करत होती. केळीचा चीक लुगड्याला लागला की जात नाही, काळा डाग राहतो. ते लुगडं ती नंतर कित्येक वर्षं नेसली. टाकायचं नाही म्हणाली.

काठ मोकळा झाला आणि तुम्ही खाली आलात. स्टँड लावलात. मायनं त्या दिवशीही तुम्हांला धारेचं पाणी आणून दिलं. मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "पाहुना हाये. मागतलं तं नाई कसं म्हनू?" तुम्ही तिला पैसे देऊ केलेत. तिनं घेतले नाहीत. तुम्ही चित्र पूर्ण केलंत. लोक त्याला तुमचं सर्वोत्तम चित्र म्हणतात. मी ते पाहिलं आहे. चांगलं आहे.

आम्ही सुलतानपूरला मामाच्या आसऱ्यानं राहायला गेलो. बाबा कोरडवाहू रानात ज्वारी राखायला लागले. आयुष्यभर पाण्याच्या आवाजात काम केलेला माणूस, त्याला त्या रानात झोप लागेना. "पाट बंद पडला का रे?" असं झोपेतून उठून विचारायचे. काही वर्षांत गेले. तेव्हा मी डेस्कवर लागलो होतो. त्यांची बातमी आमच्या पेपरात आली नाही. कोणाची द्यायची याचे नियम होते, आणि ते नियमात बसत नव्हते. मी नियम मोडला नाही. तुमच्या वेळीही मोडला नाही, नियमात जेवढं कमी देता येतं तेवढं दिलं.

डेस्कवर मी लागलो तो तुमच्याच शब्दावर. आमच्या संपादकांशी तुमची ओळख होती. बाग गेल्यावर काही महिन्यांनी तुम्ही त्यांना सांगितलंत की लोणारचा एक पोरगा आहे, भाषा स्वच्छ आहे, नजर चांगली आहे. नोकरीची बातमी मी मायला सांगितली. तिनं मीठ-मिरची ओवाळली, देवापुढं साखर ठेवली, आणि मग म्हणाली, "केयीच्या बदल्यात पोरगा नेला साहेबानं."

"नेला काय? नोकरी लावली."

"तेच."

हे तिनं रागानं म्हटलं की कौतुकानं, मला कधी विचारता आलं नाही. तुम्हांलाही विचारायचं राहिलं. तुम्ही ती नोकरी दयेनं दिली होती, की लाज वाटून, की सहज, पाण्याची कळशी परत करावी तशी? उत्तर तुमच्याबरोबर गेलं. मी मात्र त्या नोकरीचा उपयोग केला. इतक्या वर्षांत तुमच्या प्रदर्शनाची बातमी माझ्या पानावर एका कॉलमच्या वर गेली नाही. तुमचं नाव मी कधी चुकू दिलं नाही, तारीख चुकू दिली नाही. चुका करून उट्टं काढणं मला पटत नाही. मी फक्त तुम्हांला नेहमी खालच्या बाजूला ठेवलं.

दरम्यान काठावर कुट्या झाल्या. लाल कौलं, पुढं पडवी, पडवीत वेताच्या खुर्च्या. हिवाळ्यात चित्रकार येतात, कवी येतात, नवी लग्न झालेली जोडपी येतात. सकाळी नाश्त्याला केळी मिळतात. ती बीबीच्या बाजारातून येतात, बाहेरून ट्रकनं आलेली. मी एकदा खानसाम्याला विचारलं, कशी आहेत? तो म्हणाला, "पिवयी हायेत."

तुमची-माझी शेवटची भेट त्याच पडवीत झाली, गेल्या हिवाळ्यात. तुम्ही वाळला होता, शाल पांघरून बसला होता. तरी आवाज तोच. मी सरळ विचारलं, "केळी का काढली नाहीत?"

"अजून तेच?" तुम्ही हसलात. "गजानन, मी तळं काढत होतो. शेती नाही."

"शेती तळ्यातच होती. आणि तुम्हांला माणसं येतात. तलाठी काढला होतात."

तुम्हांला तलाठी आठवला नाही. किंवा आठवला आणि तसं दाखवलं नाही. म्हणालात, "हे बघ, तू पेपरवाला आहेस. तूही रोज कापतोसच ना? तुझ्या कात्रीखाली काय काय जातं, त्याचा हिशेब तुला कोणी मागतो का?"

"मी कापतो त्यानं कुणाची झोपडी पडत नाही."

"खात्री आहे?"

तुम्ही असं विचारलंत आणि माझ्याकडे बघत राहिलात. मग पुढं काहीतरी सांगणार म्हणून खुर्चीत सरसावलात. तेवढ्यात पुण्याच्या दोन विद्यार्थिनी पाया पडायला आल्या. चहा आला. बोलणं रंगांवर गेलं. मी उठलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "आईला सांग, पुढच्या खेपेला येऊन काढून देतो. नक्की."

मी मायला सांगितलं नाही. ते वाक्य तिला तोंडपाठ होतं.

आता अस्थींबद्दल. हा भाग अंकात दुसरं कोणी लिहिणार नाही, म्हणून मी लिहितो.

तुमची इच्छा होती की अस्थी लोणारच्या तळ्यात सोडाव्यात. सुमतीबाई, म्हणजे तुमच्या पत्नी, तुमचे दोन शिष्य घेऊन आल्या. मला निरोप होता की स्थानिक माणूस म्हणून सोबत यावं. मी सुट्टी काढून गेलो. माय सुलतानपूरहून आदल्या दिवशीच लोणारला येऊन बसली होती. लोणार सोडल्यापासून ती खाली उतरली नव्हती. म्हणाली, "मी येतो. साहेबासंग मले कोन अडवते?"

अडवायला हमीद होता. काठावरच्या वाटेचा चौकीदार, मूळचा लोणारचाच. त्याच्या डोक्यावर पाटी होती : तळ्यात कोणतीही वस्तू टाकण्यास, काठावर लागवड करण्यास, गुरं नेण्यास मनाई. त्यानं कलशाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"गजूभाऊ, अब क्या करूं? ये तख्ती साहब केच कहने पे लगी. पाच साल से मैं इथं फुलाचा हारबी टाकू देत नाई. अन् आता साहब खुद आ गये."

"मग अडव."

"क्या अडव! साहब को साहब का कायदा दाखवू? वरून शाप देतील." मग तो मायकडे वळला. "जा मावशी. मैंने कुछ देखाच नहीं."

मी त्याला 'अडव' म्हणालो ते मनापासून म्हणालो होतो. हे सुमतीबाईंनी वाचलं तर वाचू दे.

आम्ही उतरलो. दाढीवाला शिष्य पुढं कलश घेऊन, त्याच्यामागं सुमतीबाई, मग दुसरा शिष्य, मग माय आणि मी. धारेच्या खाली सपाट जमीन लागली. गवत, रुईची झुडपं, मध्ये मध्ये जमिनीवर पांढरा खार. पलीकडे पाणी. शिष्य सरळ पाण्याच्या दिशेनं चालायला लागला.

"ओ दाढीवाले भाऊ!" माय ओरडली. "तिथून नोका जाऊ! वाफा हाये तिथं."

तो थांबला. त्यानं पायाखाली पाहिलं. गवत होतं. "कुठला वाफा?"

"तुमी ज्याच्यात उभे हा थो. मांघं या. बांधावरून या."

"आई, इथं काही नाही आता," मी हळू म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चपला काढा. वाफ्यात पाय देला का जमीन दबते, अन् दबली का खालचा खार वर येते. मंग केय जयते. आमच्या सासऱ्यानं कोनाले पाय नाही ठेवू देला इथं. तुमाले कसा ठेवू देऊ?"

दुसरा शिष्य माझ्याकडे बघत होता, म्हातारीला सांभाळा अशा नजरेनं. मी सांभाळलं नाही. पहिल्यांदा सुमतीबाईंनी चपला काढल्या आणि हातात घेतल्या.

"कुठून येऊ?" त्यांनी विचारलं.

"माह्या मांघून."

मग माय पुढं झाली. सरळ गेलं तर पाणी हाकेच्या अंतरावर होतं. तिनं आम्हांला सरळ नेलं नाही. आधी डावीकडे, पाटाच्या कडेनं. पाट कधीच बुजला होता, पण ती त्याच्या कडेनं चालली. मग एक वळण. मग दुसरं. "इथं मोठी केय होती, केयाचं लोंगर वाकून बांधाले टेके. जपून." आणि आम्ही जपून चाललो. "इथं पपया होत्या, दोन. इथं झोपडं. साहेब इथं झोपे, याच कोपऱ्यात, डोक्श्याखाली रंगाची पेटी घेऊन." सुमतीबाई थांबल्या. त्या कोपऱ्याकडे त्यांनी नीट पाहिलं. "मला हे कधी सांगितलं नाही त्यांनी," त्या म्हणाल्या. माय म्हणाली, "आमालेबी नाई सांगतलं, का काऊन आमचं झोपडं चित्रात काढलं नाई."

दाढीवाला शिष्य अनवाणी, कलश छातीशी धरून, जिथं बांध नव्हता अशा बांधावर पाऊल पाहून पाहून टाकत होता. एकदा तोल गेला आणि त्याचा पाय आत पडला. "वाफा!" माय कडाडली. "माफ करा," तो म्हणाला आणि पाय उचलून घेतला. एवढी वर्षं मी तुमच्यावर जे जे योजलं होतं, त्यातलं काहीही याच्या जवळपास जाणारं नव्हतं. तुम्हांला आमची बाग पूर्ण फिरवली गेली. एक वाफा सुटला नाही.

पाण्याशी पोचल्यावर शिष्यांनी काही म्हणायचं ठरवलं होतं, ते त्यांना आठवेना. मायच पुढं झाली आणि सुमतीबाईंना म्हणाली, "बाई, एक सांगतो. आमी इथं कोनाच्या अस्थी घालत नाई. पैनगंगेले नेतो. हे पानी कुठीच जात नाई. याले वाट नाई बाहेर निघाले. इथं घालेल मानूस इथंच राह्यते. आता बी नेता येते पैनगंगेले. मोटार हाये तुमची."

सुमतीबाईंनी पाण्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांनी कलश परत न्यावा असं मला वाटत होतं, की नेऊ नये असं? आज मला उत्तर माहीत आहे. नेऊ नये असंच वाटत होतं.

"त्यांची इच्छा इथंच होती," त्या म्हणाल्या.

"मंग इच्छा नोका मोडू," माय म्हणाली.

कलश उलटा केला. राख पाण्यावर पसरली, बुडाली नाही. तळ्यावरून वारा येत होता. थोड्या वेळात ती सगळी पुन्हा काठाशी येऊन लागली, खाराच्या रेघेला, बागेच्या शेवटच्या वाफ्याच्या टोकाशी. दुसरा शिष्य काठीनं ती आत ढकलायला गेला. मायनं त्याचा हात धरला.

मग ती उकिडवी बसली. पाहुण्याशी बोलताना ती जसा पदर नीट करायची, तसा केला. राखेकडे वाकून, हळू आवाजात, पण आम्हां सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली :

"पाहा आता, साहेब. कुठी जायाचं नाई तुमाले. इथं केयी होती."